कल्याण ते खोडद: आकाशाला लावलेला कान

परग्रहावरून कोणी साद घातली, तर ती महाराष्ट्रात ऐकू येईल का?

1960 मध्ये अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेक यांनी दोन ताऱ्यांकडे अँटेना वळवून असा शोध प्रथम घेतला. हाती काहीच लागले नाही. पाचच वर्षांनी भारतात रेडिओ खगोलशास्त्रज्ञ डॉ. गोविंद स्वरूप यांनी कल्याणजवळ 32 छोट्या अँटेना-तबकड्या उभारल्या आणि सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या.

महाकाय रेडिओ दुर्बिणीचे त्यांचे स्वप्न साकारले जुन्नर तालुक्यातल्या खोडदला. डोंगरांच्या आडोशामुळे इथे रेडिओ गोंगाट कमी. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या 25 किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्या भरीव पत्र्याच्या नाहीत. बारीक पोलादी तारांच्या जाळीतून वारा आरपार जातो, त्यामुळे वजन आणि खर्च दोन्ही वाचले.

19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या स्कियापरेली यानाचा क्षीण संदेश याच दुर्बिणीने सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून पकडला. यान कोसळले, पण खोडदचा कान किती तिखट आहे, हे सिद्ध झाले.

परग्रहवासीयांचा खात्रीशीर संदेश जगात अजून कुणालाच मिळालेला नाही. शोध घेणाऱ्यांची पुढची पिढी मात्र घडवता येईल. राष्ट्रीय विज्ञान दिनाला, 28 फेब्रुवारीला, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरत आले आहे. अमरावती-अकोल्याच्या शाळांनी मुलांना तिथे जरूर न्यावे.