शनिवारवाड्यातील हत्याकांड

शनिवारवाड्यातील हत्याकांड : (३० ऑगस्ट १७७३). पुणे येथील शनिवारवाड्यात गारद्यांनी भर दुपारी केलेला पेशवा नारायणराव (१७५५–७३) व इतर दहा व्यक्तींचा संहार. या प्रकरणाची रीतसर चौकशी झाली व काही अपराध्यांना शिक्षाही झाल्या; तथापि ठार मारण्याचा हुकूम मुळात कोणाचा, या प्रश्नाचा निर्विवाद उलगडा झाला नाही. वाडा पछाडलेला आहे, ही समजूत याच घटनेतून रूढ झाली.

थोरला माधवराव पेशवा १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे निधन पावला. त्यानंतर त्याचा धाकटा भाऊ नारायणराव यास पेशवेपद मिळाले. तेव्हा त्याचे वय सतरा वर्षांचे होते. चुलता रघुनाथराव ऊर्फ राघोबादादा यास या पदाची जुनी अभिलाषा होती. चुलत्या-पुतण्यांत वितुष्ट वाढले व १७७३ मध्ये नारायणरावाने त्यास वाड्यातच नजरकैदेत ठेवले. वाड्याच्या पहाऱ्यावर असलेल्या गारद्यांचा, म्हणजे कवायती पायदळातील भाडोत्री शिपायांचा, पगार थकला होता. या असंतोषाचा लाभ राघोबाच्या पक्षाने घेतला. सुमेरसिंग, महंमद युसूफ व खरगसिंग हे गारद्यांचे प्रमुख कटात सामील झाले. राघोबाचा सेवक तुळाजी पवार याचाही त्यात हात होता.

भाद्रपद शुद्ध त्रयोदशीचा तो दिवस. वाड्यात गणेशोत्सव चालू होता. नारायणरावास कटाची कुणकुण लागली होती व त्याने हरिपंत फडके यास बंदोबस्त करण्यास सांगितलेही होते. परंतु तो होण्यापूर्वीच पगाराची मागणी करीत गारदी आत घुसले. आडवे आलेल्यांना त्यांनी कापून काढले. नारायणराव धावत चुलत्याकडे गेला व त्यास मिठी मारून त्याने जीवदान मागितले. तेथेच त्याचा वध झाला. त्याला वाचविण्यासाठी अंगावर आडवा पडलेला सेवक चापाजी टिळेकर हाही मारला गेला. सुमारे अर्ध्या तासात अकरा माणसे प्राणास मुकली. पेशव्यासह सात ब्राह्मण, दोन मराठा सेवक व दोन दासी, असा त्यांचा तपशील गो. स. सरदेसाई यांनी दिला आहे.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून राघोबास दोषी ठरविले. या पापास देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही, असे त्यांनी त्यास तोंडावर सांगितले व पुणे सोडले, ही कथा प्रसिद्ध आहे. राघोबाने मात्र पेशवाईची वस्त्रे मिळविली. त्याविरुद्ध कारभाऱ्यांनी बारभाईंचे कारस्थान रचले. नारायणरावाची पत्नी गंगाबाई हिला १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर पुत्र झाला. हाच सवाई माधवराव होय. राघोबा इंग्रजांच्या आश्रयास गेला व १७७५ च्या सुरत-तहातून पहिले इंग्रज-मराठे युद्ध (१७७५–८२) उद्‌भवले. घरातील खुनाने अशा रीतीने परसत्तेस दरबारात वाट मिळाली.

राघोबाने पुतण्यास ‘धरावे’ असा हुकूम दिला होता व त्याची पत्नी आनंदीबाई हिने ‘ध’ चा ‘मा’ करून ‘मारावे’ असे केले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ‘ध चा मा करणे’ हा वाक्‌प्रचारही तीवरूनच रूढ झाला. परंतु अक्षर बदलणारा हात आनंदीबाईचाच होता, असे ठरविण्यास निर्णायक पुरावा नाही. या आख्यायिकेने राघोबाचा अपराध धरपकडीपुरता सौम्य होतो, थकलेल्या पगाराचा प्रश्न मागे पडतो आणि सर्व दोष एका स्त्रीच्या माथी येतो. कृ. प्र. खाडिलकरांच्या भाऊबंदकी (१९०९) या नाटकाने हा प्रसंग मराठी प्रेक्षकांच्या मनात कायमचा ठसविला.

अमावास्येच्या, काहींच्या मते पौर्णिमेच्या, रात्री वाड्यातून ‘काका, मला वाचवा’ असा आक्रोश ऐकू येतो, अशी लोकसमजूत आहे. अपमृत्यू आलेल्या ब्राह्मणाचा समंध होतो, या पारंपरिक श्रद्धेत तिचे मूळ आहे. राघोबाचा पुत्र दुसरा बाजीराव यास नारायणरावाच्या पिशाचाचे भय वाटे व त्याच्या शांतीसाठी त्याने पुण्याभोवती हजारो आंब्याची झाडे लावली, असे सांगितले जाते. वाड्यावरील पुढील आपत्तींनीही या समजुतीस बळ दिले. सवाई माधवराव १७९५ मध्ये वाड्यातच उंचावरून पडून मरण पावला. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. फेब्रुवारी १८२८ मधील आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. तट, दरवाजे, जोती व कारंजी एवढेच अवशेष उरले. ज्या दरवाजाने नारायणरावाचे प्रेत बाहेर नेले, असे मानतात, तो नारायण दरवाजा त्यांपैकीच होय.

इतिहासाच्या दृष्टीने या आक्रोशाच्या कथेस पुरावा नाही. मात्र समाजमनाने दिलेला निवाडा म्हणून ती अर्थपूर्ण ठरते. मुख्य संशयित सत्तेच्या व परकीय फौजेच्या आडोशाने न्यायासनापुढून निसटला. ती उणीव लोककथेने आपल्या परीने भरून काढली. पण तिचा न्यायही अपुराच आहे. तिने एका अठरा वर्षांच्या पेशव्याची हाक जतन केली; त्याच दुपारी मारल्या गेलेल्या त्या दोन दासींची हाक मात्र तिच्यात कोठेही ऐकू येत नाही.