चिठ्ठीवरचं साल

आमच्या बेळगावकडच्या घरांत भांड्यांवर नाव घालायची रीत होती. कुणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, साल कुठलं, सगळं त्या हंड्याच्या गळ्याशी कोरलेलं. पण ते नाव देणाऱ्याचं असतं, घडवणाऱ्या तांबटाचं नव्हे. शिवाय जुना हंडा घेऊन त्यावर आज हवं ते साल घालून घ्यायला कुणाची ना आहे? म्हणून जाणत्या बायका नुसत्या नावावर जात नाहीत. भांडं पालथं करतात, ठोक्यांच्या खुणा बघतात, काठ बोटानं चाचपतात.

वाद्यांचंही असंच असतं. व्हायोलिनच्या घराण्यातलं सगळ्यांत थोरलं वाद्य म्हणजे डबल बास. माणसापेक्षा उंच, उभं राहून किंवा उंच स्टुलाला टेकून वाजवायचं. आपण ते जवळून पाहिलं नसेल, पण जुन्या हिंदी गाण्यांत तळाशी दुमदुमणारा त्याचा खर्ज ऐकलेला आहे. मुंबईच्या त्या वाद्यवृंदांत आपल्या गोव्याचे वादक पुष्कळ होते.

अशाच एका डबल बासची ही हकिकत. रशियात 1874 साली जन्मलेले सर्ज कूसेवित्स्की या वाद्याचे नामांकित वादक. पुढे 1924 ते 1949 अशी पंचवीस वर्षं ते अमेरिकेत बॉस्टन सिंफनीचे संचालक होते. त्यांच्याजवळचा बास इटलीतल्या क्रेमोना गावच्या अमाती बंधूंनी 1611 साली बनवला, असं मानलं जाई. अमाती म्हणजे वाद्यकारांतलं मोठं घराणं. कूसेवित्स्की 1951 मध्ये वारले. 1962 साली गॅरी कार नावाच्या विशीतल्या मुलानं न्यूयॉर्कमध्ये कार्यक्रम केला. तो ऐकून कूसेवित्स्कींच्या पत्नी ओल्गा यांनी नवऱ्याचं ते वाद्य त्याला देऊन टाकलं. वाजवणाऱ्या त्या पोराला आपले पती मिठी मारताना त्यांना दिसले, असं सांगतात. कार यांनी ते वाद्य जगभर वाजवलं. एकट्या डबल बासचाही कार्यक्रम होऊ शकतो, हे लोकांना पटलं ते बरंचसं त्यांच्यामुळे.

मग 2005 च्या सुमारास अमेरिकेतल्या वृक्षवलयांच्या अभ्यासकांनी हे वाद्य तपासलं. वाद्याची दर्शनी फळी स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची असते. झाड दरवर्षी एक वलय धरतं. उंच डोंगरावर उन्हाळा बरा गेला तर वलय रुंद, थंडीनं मारलं तर अरुंद. असा रुंद-अरुंदाचा क्रम शेकडो वर्षांत तंतोतंत पुन्हा येत नाही. फळीवरच्या बारीक रेघा मोजून तो क्रम ऑस्ट्रियातल्या आल्प्सच्या झाडांशी ताडून पाहिला, तर शेवटचं वलय निघालं 1761 चं! अमाती बंधूंपैकी जिरोलामो 1630 च्या प्लेगात गेले होते. म्हणजे त्यांच्यानंतर एकशेतीस वर्षांनीही ते झाड डोंगरावर उभंच होतं.

इथं एक बारकावा ध्यानात घ्यायला हवा. 1761 हे वाद्य बनल्याचं साल नव्हे. कारागीर बाहेरची वलयं तासून टाकतो, लाकूड वर्षानुवर्षं सुकवतो. वाद्य त्याआधीचं नाही, एवढंच ते वलय सांगतं. ऑक्सफर्डच्या संग्रहालयात 'मसाया' नावाचं व्हायोलिन आहे, स्त्रादिवारीचं, 1716 चं म्हणून प्रसिद्ध. त्यावरही शंका घेतली गेली, तेव्हा शेवटचं वलय 1687 चं निघालं. साल जुळलं, पण तेवढ्यानं ते स्त्रादिवारीनंच बनवलं असं सिद्ध होत नाही. लाकूड खोटं पकडून देतं, खऱ्याची साक्ष मात्र अर्धीच देतं.

आणि आवाज? आवाजावरून वय सांगणं तर त्याहून अवघड. कित्येक जुन्या बासांना आधी तीनच तारा होत्या, मागाहून चौथी बसवली. मान बदलली, खांदे कापून लहान केले, आतड्याच्या तारा जाऊन पोलादी आल्या. आपल्याकडे मिरजेचा जुना तंबोरा घ्या. भोपळा पणजीच्या वेळचा असेल, पण जवारी काल काढलेली असेल तर तो झंकार किती वर्षांचा म्हणायचा? 2010 साली अमेरिकेत एकवीस वादकांना डोळ्यांवर काळे चष्मे घालून तीन जुनी, तीन नवी व्हायोलिनं वाजवायला दिली होती. बहुतेकांनी नवं निवडलं. सगळ्यांत कमी पसंती मिळाली ती एका स्त्रादिवारीला.

कार यांच्या बासवरचं अमातींचं नाव गेलं, किमतीलाही धक्का बसलाच असणार. पण कूसेवित्स्कींनी वाजवलं, ओल्गाबाईंनी हातानं दिलं, कारनी कित्येक वर्षं सांभाळलं, यातलं काहीच खोटं ठरत नाही. उलट मला त्या दुसऱ्याच कारागिराचं वाटतं. 1761 नंतर कधीतरी कुणीतरी ते अवजड लाकूड तासलं, सांधलं, घुमतं केलं, आणि त्याच्या कामाची सगळी वाहवा दुसऱ्या घराण्याच्या खात्यावर जमा होत गेली. आपल्या घरांतल्या कौद्यांवर कुठं कुणाचं नाव असतं? टाके बघून मात्र ओळखणारी ओळखते, हा हात कुणाचा. घरात असं काही जुनं असेल तर त्याची किंमत काढण्याआधी, ते कुणी केलं हे सांगणारं माणूस अजून आहे का ते बघा, आणि विचारून लिहून ठेवा.