हरवलेल्या तवारिखांचा माग

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा बैलबाजारासाठी प्रसिद्ध आहे. दख्खनच्या इतिहासातही बैलांचा असाच एक मोठा तांडा आढळतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दुष्काळ पडला असता गुलबर्ग्याच्या बहमनी सुलतानाने माळवा व गुजरातेतून धान्य आणण्यासाठी दहा हजार बैल सतत ये-जा करीत ठेवले, ते धान्य स्वस्त दराने विकविले, आणि अनाथ मुलांसाठी ठिकठिकाणी शाळा काढल्या. ही हकीकत महंमद कासीम फिरिश्ता ह्या इतिहासकाराने लिहून ठेविली आहे. परंतु फिरिश्ता सुमारे दोनशे वर्षांनंतरचा. मग त्याला हे कळले कोठून?

बहमनी राज्य १३४७ साली दौलताबादेस स्थापन झाले. त्याचे स्वतःचे तवारीखकार होते. मुल्ला दाऊद बीदरी ह्याने ‘तुहफत-उस-सलातीन’ लिहिली. दरबारात कोवळ्या वयापासून वावरलेला हा मनुष्य. खुरासानातून आलेल्या आझरी ह्या कवीने ‘बहमननामा’ हे काव्य रचले. मुल्ला महंमद लारी ह्याची ‘सिराज-उत-तवारीख’ही होती. ह्यांतला एकही ग्रंथ आज उपलब्ध नाही. आपण त्यांना ओळखतो ते फिरिश्त्याने त्यांची नावे घेतली म्हणून. विजापुरास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या आश्रयाने १६०६च्या सुमारास ग्रंथ सिद्ध करताना त्याने ही पुस्तके आपल्यासमोर होती असे सांगितले आणि मधूनमधून अमुक गोष्ट अमक्याने लिहिली, असा निर्वाळाही दिला.

आमच्या वाचकांना हा प्रकार अगदीच अपरिचित नसावा. हिएरापोलिसचा बिशप पापियास ह्याने दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी प्रभूच्या वचनांवर पाच भागांचा ग्रंथ लिहिला. तो हरवला. संत मार्क व संत मत्तय ह्यांच्या लेखनाविषयी त्याने दिलेली साक्ष उरली ती युसेबियसने उतरून घेतल्यामुळे. आणि युसेबियस तर पापियासला मंदबुद्धी समजत असे! ज्याच्याविषयी आदर नाही त्याचेही शब्द जपावेत, हा इतिहासकाराचा प्रामाणिकपणाच म्हणावयाचा.

मात्र उताऱ्यावरून मूळ ग्रंथ उभा करणे हे जोखमीचे काम आहे. उतारा कोठे संपतो आणि उतरून घेणाऱ्याची स्वतःची भर कोठे सुरू होते, हे कोण सांगणार? म्हणून दुसरा साक्षीदार लागतो. सुदैवाने तो अहमदनगरास मिळतो. दुसऱ्या बुरहान निजामशहाच्या पदरी असलेल्या सय्यद अली तबातबा ह्याने ‘बुरहान-इ-मआसिर’मध्ये बहमनींचा इतिहास वेगळ्या रीतीने सांगितला. (ह्याच निजामशाहीचा शेवट १६३६ साली आपल्या शहापूरजवळच्या माहुली गडावर झाला.) राज्याचा संस्थापक हसन हा दिल्लीच्या गंगू ब्राह्मणाचा चाकर होता, ही फिरिश्त्याची रसाळ कथा; तबातबा त्याचे कूळ इराणच्या प्राचीन बहमन राजाशी जोडतो. दोघांपैकी एकाचीही वंशकथा आम्हांस विश्वासार्ह वाटत नाही. एक लोककथेसारखी आहे, तर दुसरी दरबाराला शोभेलशी.

जेथे दोन ग्रंथ भांडतात तेथे तिसरा पंच नाणे. १३७८ ते १३९७ ह्या काळात राज्य करणाऱ्या सुलतानाला फिरिश्ता ‘महमूद’ म्हणतो, तबातबा ‘महंमद’. नाण्यांवर ‘महंमद’ असे स्वच्छ आहे. फिरिश्ता चुकला. आता गंमत पाहा: दहा हजार बैलांचा सुलतान तो हाच! राजाचे नाव ज्याने चुकविले, त्यानेच त्याची दुष्काळातील करणी आपल्यापर्यंत पोहोचविली. नावात चुकला म्हणून त्याची सारी साक्ष फेटाळावी काय? काही अभ्यासकांनी फिरिश्त्याला सरसकट बेभरवशाचा ठरविले आहे. आम्हांस ते घाईचे वाटते. लढायांत पडलेल्यांचे त्याचे आकडे आम्हीही स्वीकारणार नाही. दहा हजार बैल हा आकडाही गोल आहे. कोणी मोजून लिहिलेला नसावा. पण अनाथांच्या शाळांची गावे तो एकेक करून देतो: गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद आणि कोकणातील चौल व दाभोळ. एवढी नेमकी यादी दोनशे वर्षांनी कोणी मनाने रचील असे आम्हांस वाटत नाही. ती कोणत्या तरी जुन्या पानावरून उतरलेली असावी.