तळटीप १७ : आयात चामड्याचे वर्गीकरण

१७. लेखकाने इथे ‘आयात चामडे’ असे सरसकट म्हटले आहे. सीमाशुल्क आकारताना तेवढ्याने भागत नाही. सीमाशुल्क दर अधिनियम, १९७५ च्या ४१व्या प्रकरणात दोन गोष्टी आधी पाहतात : जनावर कोणते आणि कातडे किती कमावलेले. गाय, म्हैस, घोडा यांचे नुसते खारवलेले किंवा वाळवलेले कच्चे कातडे ४१०१ या शीर्षात पडते. कमावलेले, केस काढलेले ४१०४ मध्ये. त्यापुढचे संस्कार झालेले तयार चामडे ४१०७ मध्ये. मेंढी-बकरीची शीर्षे वेगळी. रंग दिसला की माल तयार, असे मात्र समजू नये. सुकवण्यापूर्वी रंग दिलेले, तेल मुरवलेले ‘क्रस्ट’ ४१०४ मध्येच राहते, आणि व्यापाऱ्यांची निम्मी भांडणे इथेच होत असावीत. केसांचीही एक गंमत आहे : गाईचे केसाळ कच्चे कातडे ४१व्या प्रकरणात, पण तेच केसांसकट कमावले की थेट ४३व्या प्रकरणात, फरच्या पंगतीला. क्रोमने कमावलेले ओले, निळसर ‘वेट ब्लू’ चामडे २०२५-२६ च्या अर्थसंकल्पापर्यंत १० टक्के मूळ शुल्काचे धनी होते. त्या अर्थसंकल्पाने ते शुल्क पूर्ण माफ केले. त्यामुळे गठ्ठा उघडल्यावर माल ओला निघतो की सुका, हे पाहणे आयातदाराच्या खिशाशी जोडले गेले. मगर, साप यांच्या कातड्यांना वन्यजीवविषयक निर्बंधही लागू होतात.