बाळ आल्यावर आई-बाबांच्या नात्याला आधार कोणाचा?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये शेलू आहे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून अनेक तरुण जोडपी येथे राहायला आली. मुंबईला नोकरी असेल तर दिवसाचे साडेतीन-चार तास लोकलमध्येच जातात. अशा घरात बाळ आले की आई दिवसभर एकटी आणि बाबा रात्री थकून परतलेला. यातून होणारी भांडणे ‘नवरा-बायकोचे चालायचेच’ म्हणून सोडून दिली जातात.

सध्या काय मिळते?

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मातेची विश्रांती हा राष्ट्रहिताचा प्रश्न आहे, असे ठणकावून मांडले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पात्र महिला कामगारांना पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. केंद्र सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते. खाजगी नोकरीतल्या बापासाठी मात्र असा केंद्रीय कायदा नाही.

दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. पण पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. सव्वा महिन्यानंतर किंवा त्याहून उशिरा बाळंतीण सासरी परतते, तोवर या भेटी संपत आलेल्या असतात. खरी कसोटी तिथूनच सुरू होते. शिवाय या भेटी बाळ-बाळंतिणीच्या प्रकृतीसाठी असतात, दोघांच्या नात्यासाठी नाहीत.

इतरत्र काय केले जाते?

अमेरिकेत जॉन गॉटमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सुमारे ६७ टक्के मातांचे वैवाहिक समाधान बाळ झाल्यानंतर घटले. ज्यांचे टिकले, त्यांच्या नवऱ्यांना बायकोविषयी आपुलकी होती आणि तिच्या रोजच्या आयुष्याची जाण होती. त्यावरून जोडप्यांसाठी कार्यशाळा तयार झाल्या. ‘फॅमिली फाउंडेशन्स’ या उपक्रमात काही वर्ग बाळंतपणापूर्वी, काही नंतर होतात. कामाची वाटणी आणि मतभेद कसे बोलावेत, हे तिथे शिकवले जाते.

विहारात काय करता येईल?

यासाठी मोठा निधी लागत नाही. युवक मंडळाने रविवारी चार बैठका घ्याव्यात: दोन बाळंतपणापूर्वी, दोन आई-बाळ घरी परतल्यावर. दोघांनी एकत्र यावे. रात्री बाळाला कोण घेईल, लंगोट कोण धुईल, सुट्टीच्या दिवशी आईला सलग झोप कशी मिळेल, हे कागदावर लिहावे. मुले मोठी झालेल्या जोडप्यांनी अनुभव सांगावेत. बाबांची वेगळी बैठकही घ्यावी. बायको माहेरी असताना बापाने रोज फोन करावा, सुट्टीला जाऊन बाळाला अंघोळ घालायला शिकावे. समतेची भाषा व्यासपीठावरून बोलणाऱ्या कार्यकर्त्याने ती स्वतःच्या घरातही पाळली पाहिजे.

कुठे थांबावे?

मारहाण, धमकी किंवा हुंड्याचा छळ असेल तर तिथे समेटाची बैठक घेऊ नये. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा, २००५ यांची मदत घ्यावी. आईची उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये.