धोंडीबा विचारतो

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात फुलांच्या बाजाराची घाई निराळी असते. बटाट्याचं पोतं उद्यापर्यंत थांबेल. मोकळी गुलछडी दुपारपर्यंतही थांबत नाही. पुरंदर, खेड, दौंडकडची शेवंती आणि झेंडू आडत्याच्या गाळ्यावर उतरतात, भाव पुकारला जातो, काटा होतो आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई, सगळा हिशेब त्या कागदाच्या चिटोऱ्यावर असतो. तो कागद ज्याला वाचता येतो त्याचा दिवस एका तऱ्हेने संपतो, ज्याला येत नाही त्याचा दुसऱ्या तऱ्हेने.

पुण्याच्या फुलांच्या धंद्याने मराठीला एक आडनाव दिलं. साताऱ्याकडच्या कटगुणहून निघालेलं गोऱ्हे घराणं पुरंदर तालुक्यातल्या खानवडीत आलं आणि तिथून पुण्यात. या घराण्याने पेशव्यांकडे फुलं पुरवायला सुरुवात केली. गोऱ्हे मागे पडलं आणि फुले हे नाव चिकटलं. याच घरात १८२७ साली जोतीराव जन्मले. पुढे २०११ साली दिल्लीच्या ‘नवयान’ प्रकाशनाने त्यांच्यावर एक चित्रकादंबरी काढली, तिचं नाव ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. ओसाड रानातला माळी. श्रीविद्या नटराजन यांचं लेखन आणि अपराजिता निनन यांची काळी-पांढरी चित्रं असलेलं हे पुस्तक जोतीरावांच्या ‘गुलामगिरी’वर उभं आहे. जातीविरुद्ध बोलणाऱ्या चित्रपुस्तकाची कुळकथा सांगायची, तर ती या माळ्याच्या घरापासून सुरू करावी लागते.

जोतीरावांचं शिक्षण सरळ झालेलं नाही. शाळेत घातलेल्या मुलाला वडिलांनी, गोविंदरावांनी, ओळखीच्या एका ब्राह्मण कारकुनाच्या सल्ल्यावरून काढून घेतलं आणि मळ्यात कामाला लावलं. माळ्याच्या पोराला अक्षर कशाला, हा त्या सल्ल्याचा अर्थ. दिवसा वाफे आणि पाट, रात्री दिव्याजवळ पुस्तक, असं काही वर्षं चाललं. शेजारी राहणारे फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी आणि लिजिट नावाचे इंग्रज गृहस्थ यांनी हे पाहिलं, गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ साली मुलगा स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा दाखल झाला. या दोघांनी तेव्हा गोविंदरावांचं दार वाजवलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. इतिहासाच्या पुस्तकात त्यांना दोन ओळी मिळतात. त्यांची जागा त्याहून मोठी आहे.

‘गुलामगिरी’ १८७३ साली छापली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुस्तक उघडताच अर्पणपत्रिका भेटते, आणि ती देवाला, गुरूला किंवा कुणा संस्थानिकाला वाहिलेली नाही. निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना ती वाहिलेली आहे, आणि आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा अशी आशा तिच्यात आहे. अब्राहम लिंकनच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याला तेव्हा दहा वर्षं झाली होती, गुलामगिरी रद्द करणाऱ्या घटनादुरुस्तीला आठ. पुण्याच्या एका माळ्याने वर्णाचं दास्य आणि जातीचं दास्य एकमेकांशेजारी मांडली. त्यांचं नातं जगाच्या विद्यापीठांत चर्चेला येण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

अर्पणपत्रिकेवर पुष्कळ लिहिलं गेलं. पुस्तकाच्या घडणीकडे त्या मानाने कमी लक्ष गेलं, आणि खरी गंमत तिथेच आहे. ‘गुलामगिरी’ हा निबंध नाही, संवाद आहे. बोलणारे दोघं, जोतीराव आणि धोंडीबा. पहिल्याच भागात धोंडीबा तोंड उघडतो तो युरोपातल्या सरकारांनी गुलाम करण्यावर बंदी घातली या बातमीने. मग मनूने सांगितलेल्या उत्पत्तीचं काय, ब्रह्मदेवाच्या मुखातून कोण आणि पायातून कोण, हा विषय निघतो. जोतीराव उलट विचारतात की मग हे इंग्रज वगैरे लोक ब्रह्मदेवाच्या कुठल्या अवयवातून जन्मले? तिथून मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम असा एकेक अवतार उलगडत, उसवत पुस्तक पुढे जातं.

हा बाज जोतीरावांनी कुठून घेतला असेल? मिशनऱ्यांच्या प्रश्नोत्तरांच्या पुस्तिका मराठीत छापल्या जात होत्या आणि ते मिशनच्याच शाळेत शिकले होते. पण त्याहून जवळचा नमुना पुराणांचा. पुराण नेहमी कुणीतरी कुणाला तरी सांगतं. परीक्षिती विचारतो, शुक सांगतो. ऐकणारा हात जोडून पुढची कथा मागतो. जोतीरावांनी पुराणाची ही बैठक तशीच उचलली आणि ऐकणाऱ्याच्या हाती जाब ठेवला. धोंडीबा शंका काढतो, आडवे प्रश्न घालतो, अमुक हे तमुकाशी जुळत नाही म्हणून अडून बसतो. पुराणाची मांडणी पुराणावरच उलटवायची ही युक्ती फार धारदार आहे.

त्यांचा हात आधीही संवादावर बसलेला होता. १८५५ साली त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. कुणबी नवराबायकोला जोशी कसा नागवतो आणि विदूषक त्यावर कसं बोट ठेवतो, याचं ते नाटक. कमिटीने ते स्वीकारलं नाही. पुस्तकरूपाचा उजेड त्याला १९७९ पर्यंत दिसला नाही, म्हणजे सव्वाशे वर्षं ते तसंच पडून होतं.

धोंडीबा कागदावरचाच नव्हता. त्याच १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. मांग-महारांच्या दुःखाचा जाब तिने धर्मालाच विचारला होता. शिकवणाऱ्याने हाती पाटी दिली आणि शिकणारीने पहिला घाव थेट मुळावर घातला. आणखी एक नाव चरित्रकार सांगतात: धोंडिराम नामदेव कुंभार. जोतीरावांना मारायला रात्री दोघे आले, एक रोडे रामोशी आणि दुसरा हा धोंडिराम. दोघांची मनं फिरली. रोडे त्यांचा पाठीराखा झाला आणि धोंडिराम शिकून सत्यशोधकांचा पंडित. पुस्तकातल्या धोंडीबाचं नाव या धोंडिरामाशी जुळतं, हे वाचताना मनात आल्यावाचून राहत नाही.

ज्या अमेरिकेला पुस्तक वाहिलं, तिथे मुक्तीनंतर काय झालं? जुनं दास्य वेगळ्या कायद्यांनी परत आलं. वेगळे डबे, वेगळे नळ, वेगळ्या शाळा. विसाव्या शतकात तिथे कॉमिक्सचा धंदा फोफावला तेव्हा त्यात काळी माणसं जाड ओठांची, हसण्यावारी नेलेली, नायकाचं सामान उचलणारी अशीच दिसत. फिलाडेल्फियाचे पत्रकार ऑरिन इव्हान्स यांनी १९४७ साली ‘ऑल-निग्रो कॉमिक्स’ काढलं. लिहिणारे काळे, चित्रं काढणारे काळे, एस हार्लेम हा गुप्तहेर नायकही काळा. अंकाची किंमत १५ सेंट. दुसरा अंक तयार झाला, पण त्यांना छापायला कागद मिळेना. कागदवाल्यांनी हात वर केले आणि मासिक एका अंकावर थांबलं. पुण्यात कमिटीने नाटक नाकारलं आणि फिलाडेल्फियात कागदवाल्याने कागद. मजकुरावर वाद घालायची तसदी कुणी घेतली नाही, वाटच बंद केली. वर्णभेदाची आणि जातिभेदाची ही सर्वांत जुनी आणि सर्वांत स्वस्त पद्धत आहे.

१९५३ सालची ‘जजमेंट डे’ ही कॉमिक्सकथा आठवण्यासारखी आहे. लेखक अल फेल्डस्टीन, चित्रकार जो ऑर्लांडो. पृथ्वीवरून एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तिथे नारिंगी यंत्रमानव वरचे आणि निळे खालचे. घडण एकच, फरक फक्त वरच्या पत्र्याच्या रंगाचा. हा ग्रह अजून आमच्यात यायला लायक नाही, असा निकाल देऊन निरीक्षक परततो आणि शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो. तो काळा माणूस असतो. १९५६ साली ही कथा पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा कॉमिक्सवर देखरेख ठेवणाऱ्या मंडळाच्या न्यायाधीशाने हा शेवटचा चेहरा बदला, असं फर्मावलं. प्रकाशक विल्यम गेन्स यांनी नकार दिला आणि कथा होती तशी छापली. यंत्रमानवांमधला भेदभाव चालत होता. माणसाचा चेहरा तेवढा खटकला.

या धंद्यात कला शाळेत कमी आणि कुणाच्या तरी टेबलाशेजारी बसून जास्त शिकली जाते. उस्तादाने पेन्सिलचं पान काढायचं, पोराने मागचं दृश्य भरायचं, शाई फिरवायची. बसायला जागा कुणाला मिळते यावर सगळं ठरतं. डेनिस कौवान हा काळा मुलगा रिच बकलर या चित्रकाराच्या हाताखाली असाच तयार झाला. त्याने १९९३ साली ड्वेन मॅकडफी, मायकल डेव्हिस आणि डेरेक डिंगल यांच्यासोबत ‘माइलस्टोन’ उभं केलं. काळ्या मंडळींनी स्वतः चालवलेली ही संस्था. तिचा ‘स्टॅटिक’ हा शाळकरी नायक पुढे टीव्हीवरही गाजला. गफार बेग मुन्शींनी गोविंदरावांकडे केलेली रदबदली आणि बकलरच्या टेबलाशेजारची खुर्ची, दोन्हींचं काम एकच.

समुद्राच्या दोन्ही काठांवरून विचारपूसही चालू होती. १९४६ साली बाबासाहेब आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळतं, त्याच्या प्रती मिळतील का, असं त्यात विचारलं होतं. ड्यू बॉइस यांनी उत्तर पाठवलं. दहाएक वर्षांनी, १९५७ च्या अखेरीस, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीच्या बस-बहिष्कारावर एक सोळापानी कॉमिक निघालं. त्यात गांधीजींचा लढाही चित्रांत सांगितलेला आहे. दहा सेंटचं ते पुस्तक हातोहात फिरलं. तरुण वयात ते वाचलेले जॉन लुइस पुढे अमेरिकेच्या संसदेत गेले आणि २०१३ पासून ‘मार्च’ या तीन खंडांत स्वतःची लढाई त्यांनी कॉमिक्समध्येच सांगितली.

आपल्याकडे ‘अमर चित्र कथे’ने १९७९ साली बाबासाहेबांवर अंक काढला. या मालिकेच्या चित्रांत पुण्याचा वाटा मोठा आहे. प्रताप मुळीक आणि दिलीप कदम हे दोघेही इथलेच. अनेक घरांत बाबासाहेबांचं पहिलं चित्रमय चरित्र म्हणून तो अंक शिरला, हे त्याचं मोल. पण त्या मालिकेचा ढाचा पुराणाचा होता. चौकटीच्या वरच्या पट्टीतून निवेदक सांगतो आणि वाचक ऐकतो. धोंडीबाला तिथे जागा नव्हती.

ती जागा २०११ साली दोन पुस्तकांत सापडली. ‘गार्डनर’मध्ये लेखिका आणि चित्रकर्ती स्वतःच पात्रं होऊन पानांत शिरतात, एकमेकींशी बोलतात, जोतीरावांचा काळ आणि आजचा काळ ताडून बघतात. दुसरं पुस्तक ‘भीमायन’. बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांवर ते बेतलेलं आहे. मसूर स्टेशनवर उतरलेली लहान मुलं आणि त्यांना बैलगाडीत घ्यायला नकार देणारा गाडीवान, बडोद्याची पारशी सराई, महाडचं चवदार तळं, सगळं त्यात येतं. पुस्तकाची सुरुवात शहरातल्या बसथांब्यावर होते. आरक्षणाच्या नावाने करवादणारा एक तरुण आणि त्याला हा इतिहास सांगणारी एक बाई. तो शंका काढतो, ती उत्तर देते. ‘गुलामगिरी’तली बैठक इथे बसथांब्यावर आली आहे.

‘भीमायन’ची चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड दांपत्याची. भोपाळला चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी जनगढसिंह श्याम या गोंड तरुणाच्या हाती कागद आणि रंग दिले. जनगढने आपल्या नात्यागोत्यातल्या माणसांना त्या कामात ओढलं. त्या परंपरेत व्याम दांपत्य उभं राहिलं. कॉमिक्सच्या चौकटी त्यांना पटल्या नाहीत. माणसांना खोक्यात कोंडायचं नाही म्हणून त्यांनी पानं मोकळी ठेवली आणि भिंतीवर-जमिनीवर काढायच्या दिग्ना नक्षीने प्रसंग वेगळे केले. बोलण्याच्या फुग्यांना त्यांनी जे केलं ते तर कॉमिक्सच्या तंत्रात नवंच. प्रेमाने बोलणाऱ्याचे शब्द पाखराच्या आकारात येतात आणि विटाळ मानणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीत. अक्षर न येणाऱ्या माणसालाही कोण डंख मारतोय ते कळतं.

‘भीमायन’चा पहिला भाग पाण्याचा आहे, आणि पाण्याचा हा प्रश्न मार्केट यार्डाने फार आधी हाती घेतला होता. यार्डात हमाल भवन आहे. पाठीवर पोती वाहणाऱ्यांची हमाल पंचायत डॉ. बाबा आढाव यांनी उभी केली. जोतीरावांचा वारसा ते उघडपणे सांगत. हमालांच्या मजुरीसाठी झगडणारा हा डॉक्टर १९७२ साली ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन महाराष्ट्रभर फिरला. गावात शिरायचं, पारावर बसायचं आणि विचारायचं की इथे पाणवठे किती, दलितवस्ती कुठल्या विहिरीवर पाणी भरते, आणि ही विहीर वेगळी का.