घोडा भाड्याचा, भरवसा घरचा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब गोव्याला गेलो होतो. पेडणे तालुक्यातील एका गावी ज्या घरी उतरलो, त्याच्या अंगणात एक स्कूटर उभी होती. दसऱ्याच्या झेंडूचा हार अजून तिच्या हँडलला होता. फुले सुकून तांबूस झाली होती, पण काढून टाकण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते.

घरच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊ, फिरायला गाडी हवी तर हीच न्या. लायसन आहे ना? मग झाले! भाड्याचे काय ते शेवटी बघू."

मी किल्ली घेण्यासाठी हात पुढे केला, तोच आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, हिची पाटी पांढरी आहे. भाड्याच्या गाडीची काळी असते ना?"

हात अर्ध्यावरच राहिला. पाटीच्या त्या रंगामागे किती इतिहास दडलेला आहे, ते मुलाला ठाऊक नव्हते. पण त्याने बोट मात्र नेमके ठेवले होते.

आपले वाहन परक्याच्या हाती देऊन त्याचे पैसे घेण्याचा व्यवहार मोटारसायकलीहून फार जुना आहे. इंग्लंडात केंब्रिज येथे टॉमस हॉब्सन नावाचा एक गृहस्थ होऊन गेला. जन्म 1544 चा, मृत्यू 1631 चा. केंब्रिज ते लंडन मालाची ने-आण करणे हा त्याचा धंदा. पदरी चाळीसएक घोडे होते. ते तो विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना भाड्याने देई, आणि सोबत बूट, लगाम व चाबूकही देई. तरणी पोरे नेहमी तोच तो उमदा घोडा मागत आणि त्याला पळवून पळवून बेजार करीत. तेव्हा हॉब्सनने नियम केला : दाराजवळ जो घोडा उभा असेल तो घ्यायचा, नाही तर पायी जायचे! नुकताच दौडून आलेला घोडा रांगेच्या शेवटी जाई आणि त्याला विसावा मिळे. 'हॉब्सनची निवड' हा इंग्रजीतला वाक्प्रचार त्यावरूनच पडला. लोक त्याला हेकट म्हणाले असतील, पण भाड्याच्या धंद्याचे मर्म त्याला कळले होते. भाडे आज मिळते. घोडा मात्र उद्याही चालला पाहिजे.

पुढे घोड्याची जागा यंत्राने घेतली. 1885 साली जर्मनीत डाइमलर आणि मायबाख यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवून दुचाकी धाववली. 1894 मध्ये म्युनिकच्या हिल्डेब्रँड आणि वुल्फम्युलर यांनी मोटारसायकली विक्रीसाठी तयार करण्यास आरंभ केला. आपल्याकडे मात्र भाड्याच्या दुचाकीची ओळख झाली ती साध्या सायकलीने. पुण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांना तासावर मिळणारी सायकल आठवत असेल. मडगार्डवर रंगवलेला आकडा, दुकानदाराची कळकट वही, तीत आपले नाव आणि वेळ. "कोणाचा रे तू?" या प्रश्नाला वडिलांचे नाव सांगितले की सायकल मिळे. अनामत रक्कम म्हणाल तर ते नावच! चाक वाकडे झाले की संध्याकाळच्या आत घरी वार्ता पोचलेली असे.

स्कूटरचे तसे नव्हते. एक काळ असा होता की, स्कूटरसाठी नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. अशा नवसाने मिळालेल्या गाडीची किल्ली सख्ख्या मेहुण्याला देतानाही लोकांचा जीव खालीवर होई. ती परक्याला भाड्याने कोण देणार? 1984 नंतर परवान्यांचा फास सैल होऊन नव्या गाड्या बाजारात आल्या. त्याच साली आलेल्या गिअर नसलेल्या कायनेटिक होंडाने तर शिकाऊ माणसाचीही भीती घालवली. गोव्यात पुढचे मडगार्ड पिवळे असलेली, चालकासह भाड्याने मिळणारी मोटारसायकल होतीच; त्या चालकाला तिथे 'पायलट' म्हणतात. आता पायलटाशिवाय गाडी मागणारे पाहुणेही वाढले.

कायदा मागाहून आला. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 75 व्या कलमाने अशा भाडेव्यवहाराला वाट करून दिली. 1989 मध्ये मोटारींची योजना आली. तिच्यात परवान्यासाठी किमान 50 मोटारी लागत. 1997 मध्ये मोटारसायकलींची योजना आली, तिच्यात किमान 5 गाड्या. अशा गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी. म्हणजे ज्याच्याकडे पाच गाड्या, तो कायद्याच्या छत्राखाली. ज्याच्या अंगणात एकच, तो उन्हात!

ऊन कसले? विम्याचे. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी परवान्यावाचून भाड्याने दिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनीला जबाबदारी नाकारण्यास कायद्याचाच आधार मिळतो. जखमी वाटसरूला तिने पैसे दिले, तरी ते पुढे गाडीच्या मालकाकडून वसूल होऊ शकतात. चार दिवसांच्या भाड्यासाठी राहते घर पणाला लागते, आणि मालकाला ते ठाऊकही नसते.

अमेरिकेत या कोड्यातून एक वाट काढली गेली आहे. तिथे कित्येक स्वारांच्या मोटारसायकली बरेच महिने नुसत्या उभ्या असतात. 'ट्विस्टेड रोड', 'रायडर्स शेअर' अशा कंपन्यांमार्फत एक स्वार आपली एकुलती एक गाडीसुद्धा दुसऱ्या स्वाराला भाड्याने देतो. मध्यस्थ कंपनी परवाना पडताळते, विम्याची सोय करते आणि आपला हिस्सा घेते. पुण्याच्या दुकानदाराचे "कोणाचा रे तू?" हेच तिथे नव्या वेषात विचारले जाते.

हे सारे मी वहिनींना जमेल तसे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "गेली चार वर्षे देते मी. काही झाले नाही. हप्ता ह्यातूनच सुटतो."

"व्हायला एकदाच पुरते, वहिनी," मी म्हणालो, आणि म्हणताना मलाच अपराधी वाटले. आम्ही नाक्यावरून काळ्या पाटीची गाडी आणली. आमच्या सौभाग्यवतींनी रात्री विचारले, "त्यांचे दोन पैसे बुडवलेत, ते बरे केलेत का?" मी गप्प राहिलो.

नरकचतुर्दशीच्या पहाटे वहिनींनी पाच तऱ्हेचे पोहे आमच्यापुढे ठेवले. राग दिसला नाही. पोहे वाढता वाढता त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या वाड्यावर एकेक गाडी असलेली घरे पुष्कळ आहेत. पाच घरांनी एकत्र येऊन परवाना मागितला तर?"

"आरटीओत जाऊन विचारा," मी म्हणालो. "विचारण्यासारखा प्रश्न आहे."

त्या अंगणाकडे पाहत बोटांवर घरे मोजू लागल्या. स्कूटरवरचा तो सुकलेला हार काढून त्यांनी ताजा घातला होता.